रात्री अडीच वाजता भूलतज्ज्ञ जागेवर असणं: आमच्या उपनगरातल्या ट्रस्ट हॉस्पिटलच्या एपिड्युरल सर्व्हिसचा रिव्ह्यू

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये माझी दुसरी डिलिव्हरी झाली, एपिड्युरल घेऊन, म्हणजे पाठीत बारीक नळी बसवून तिच्यातून कळांचं दुखणं थांबवायचं औषध देतात ते. तेव्हापासून ऑफिसातल्या, बिल्डिंगमधल्या, नणंदेच्या मैत्रिणी सगळ्या फोन करून तेच तेच विचारतायत, दुखलं का, कंबर धरली का, किती पैसे झाले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. हॉस्पिटलचं नाव इथे टाकत नाही कारण बिल आणि वॉर्डबद्दल थोड्या तक्रारी पण आहेत आणि त्या मी त्यांना लेखी देऊन आलेय. रेटिंग विचाराल तर एपिड्युरलला पाचात पाच, बाकी हॉस्पिटलला साडेतीन.

आधी हे का शोधलं ते सांगते. पहिल्या वेळी घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये नाव घातलं होतं, नाव घालतानाच विचारलं होतं पेनलेस, म्हणजे एपिड्युरल, मिळेल का, तर हो हो सगळं मिळतं म्हणाले. कळा सुरू झाल्या संध्याकाळी, रात्री दहाच्या पुढे मी सिस्टरला सांगतेय की आता द्या, आणि सिस्टर सांगतायत डॉक्टर निघालेत, येतायत, ट्रॅफिक आहे. मग कळलं की ते भूलतज्ज्ञ त्या नर्सिंग होमचे नव्हतेच, ते आजूबाजूच्या कितीतरी नर्सिंग होमना जातात आणि त्या वेळी दुसरीकडे इमर्जन्सी सिझरला उभे होते. मला ट्रॅमाडॉल ह्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं, त्याने कळा थांबल्या नाहीत, नुसती गुंगी आणि उलट्या, आणि बाळ झालं ते पहाटे, तोवर कोणी आलं नाही. टाके घालताना दिलेली भूल अर्धवटच लागली होती, तो प्रत्येक टाका मला अजून आठवतो.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, हे मनापासून लिहितेय. दुसऱ्या वेळी चौकशी करत फिरले तेव्हा गणित समजलं. सिझरला भूलतज्ज्ञ येतात, पाठीत एक इंजेक्शन देतात, तास दीड तासात सगळं आटपून पुढच्या हॉस्पिटलला जातात. एपिड्युरलचं तसं नाही, सुई टोचून नळी बसवायला वीस मिनिटं लागतात पण नंतर पुढचे सहा आठ दहा तास कोणीतरी बीपी बघायला, डोस कमीजास्त करायला, बाळाचे ठोके उतरले तर धावत यायला जवळ असावं लागतं. तेवढा वेळ एका बाईसाठी एका जागी थांबणं बाहेरून फिरत्या डॉक्टरला परवडत नाही आणि छोट्या हॉस्पिटलला असा माणूस पगारावर ठेवणं परवडत नाही. मग काय होतं, मिळतं असं बोर्डावर लिहितात आणि ऐनवेळी बाईलाच समजावतात की थोडं राहिलंय, सोसून घ्या. म्हणजे एपिड्युरल मिळणार का हा प्रश्न औषधाचा किंवा मशीनचा नाहीच, त्या रात्री तो माणूस इमारतीत आहे का एवढाच आहे. मी हॉस्पिटल निवडलं ते फक्त ह्या एका गोष्टीवर.

मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलांमध्ये चोवीस तास सोय असते पण तिथलं पॅकेज ऐकून आम्ही दोघं गप्पच बसलो. महापालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर ही मेडिकल कॉलेजवाली हॉस्पिटलं आहेत, तिथे भूलतज्ज्ञ रात्रंदिवस असतात आणि अवघड केस असेल तर मी स्वतः तिकडेच जाईन, पण तिथे अपघाताच्या केसेस, इमर्जन्सी ऑपरेशनं आधी, त्यामुळे साध्या कळांसाठी माणूस मोकळा असेलच असं धरून चालता येत नाही. आमची आजी गिरणगावातली, तिची सगळी बाळंतपणं परळच्या वाडिया मॅटर्निटीत झाली, १९२६ सालचं हॉस्पिटल आहे ते, गिरणी कामगारांच्या बायकांना नीट बाळंतपण मिळावं म्हणून निघालेलं. ती म्हणायची दुखायचं तर सगळ्यांनाच, पण आजूबाजूला जाणती माणसं असली की भीती वाटत नाही. मला तेच हवं होतं, पण दुखणंही नको होतं.

तर ह्या ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये ओपीडीच्या काउंटरवर मी सरळ विचारलं, रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ कुठे असतात. काउंटरवरच्या मुलीने आत विचारून सांगितलं की ड्यूटी रूम दुसऱ्या मजल्यावर आहे, लेबर रूम पण दुसऱ्याच मजल्यावर. मी जाऊन ती खोली बघून आले, दारावर महिन्याचं ड्यूटीचं वेळापत्रक लावलेलं होतं, रविवारसकट. तिथेच ठरलं.

आठव्या महिन्यात ते भूलतज्ज्ञांच्या ओपीडीत पाठवतात, ही गोष्ट मला सगळ्यात आवडली कारण कळा सुरू असताना कोण काय ऐकणार आणि कशावर सही करणार. मी आई आणि नवऱ्याला दोघांनाही घेऊन गेले. तिथल्या भूलतज्ज्ञ मॅडम साधारण चाळिशीच्या, शांतपणे बोलणाऱ्या. आधी माझी चौकशी, प्लेटलेट किती, रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू आहेत का, पाठीचं काही ऑपरेशन झालंय का, कशाची अ‍ॅलर्जी, आधीच्या वेळी भुलेचा त्रास झाला होता का. मग मला पाठ वाकवून बसायला सांगून बोटांनी मणके मोजले. म्हणाल्या, नळी कमरेच्या तिसऱ्या चौथ्या मणक्याच्या मध्ये जाते, मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो, त्यामुळे तुम्ही ऐकलंय तसं सुई मणक्यात घुसून पाय जातात वगैरे भीती मनातून काढा. क्लेक्सेनसारखी रक्त पातळ करायची इंजेक्शनं चालू असणाऱ्यांना मात्र शेवटच्या डोसनंतर ठराविक तास जावे लागतात, नाहीतर आत रक्त साकळायचा धोका असतो, म्हणून ते लपवायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आईने तिचा प्रश्न विचारलाच. आमच्याकडे सगळ्यांना हेच वाटतं की पाठीत सुई घेतली की आयुष्यभर कंबर दुखते. मॅडमनी तिला वेड्यात काढलं नाही, म्हणाल्या, काकू, कंबर बाळंतपणानंतर बऱ्याच जणींची दुखते, एपिड्युरल घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची पण, दोघींची तुलना करून बघितलीय आणि पुढे टिकणाऱ्या कंबरदुखीत फरक सापडला नाही. सुईच्या जागी दोन चार दिवस ठणकतं तेवढं खरं. सिझर होण्याचं प्रमाण वाढतं का हा माझा प्रश्न, त्याचंही उत्तर 'नाही, वाढत नाही' असंच आहे, जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१८ चा मोठा आढावा आहे त्यात चाळीस अभ्यास एकत्र करून हेच निघालं. पूर्वी औषध जास्त कडक वापरायचे तेव्हा पायात जोर राहायचा नाही आणि व्हॅक्युम किंवा चिमटा लावून बाळ ओढून काढायची वेळ जास्त यायची, २००५ नंतरच्या अभ्यासांत तो फरकही दिसत नाही. जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये पण आहे की निरोगी बाईने मागितलं तर एपिड्युरल हा एक पर्याय म्हणून द्यावा. बाईने मागितलं तर, हे शब्द नवऱ्याने घरी आल्यावर सासूबाईंना जसेच्या तसे सांगितले.

धोके पण सगळे सांगितले, एकही गुळगुळीत केला नाही. बीपी उतरू शकतं. खाज सुटू शकते, थंडी वाजते, लघवी कळत नाही म्हणून नळी घालावी लागते. साधारण शंभरात एकीला सुई मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पडद्याला लागते आणि मग दुसऱ्या दिवसापासून उठून बसलं की जोरात डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, तसं झालं तर लपवून घरी जायचं नाही, आधी पाणी, कॉफी, गोळ्या, आणि नाहीच थांबलं तर आपलंच थोडं रक्त काढून त्याच जागी सोडतात, त्याला ब्लड पॅच म्हणतात. नसेला कायमची इजा फार म्हणजे फारच क्वचित. कधी कधी एका बाजूला नीट लागत नाही आणि नळी परत बसवावी लागते. कन्सेंट फॉर्म मराठीत होता, घरी नेऊन वाचा म्हणाल्या.

आता ती रात्र. जुलै महिना, दिवसभर पाऊस, सायन कुर्ल्याला रुळांवर पाणी आणि सेंट्रलच्या गाड्या रखडलेल्या, नवरा फोर्टहून कसाबसा पोचला. मी मनात हेच म्हणत होते की बाहेरून डॉक्टर येणार असते तर आज पण तेच झालं असतं. माझं अंगावरून पाणी गेलं होतं, बाळाचे ठोके बघायचं मशीन पोटाला लावलं होतं, तपासल्यावर पिशवीचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलेलं. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना सांगितलं जातं की चार सेंटीमीटरच्या आधी एपिड्युरल देत नाहीत, मी तोच प्रश्न सिस्टरना विचारला तर त्या म्हणाल्या आता तसं नसतं, कळा नीट सुरू झाल्यात आणि तुम्हाला हवंय ना, मी मॅडमना बोलावते. मॅडम आल्या, चपला घालून, समोरच्याच खोलीतून.

बेडच्या कडेला बसवलं, पाय स्टुलावर, उशी पोटाशी कवटाळून, हनुवटी छातीला टेकवायची आणि पाठ बाहेर काढायची. नऊ महिन्यांच्या पोटाने हे करणं जमत नाही असं वाटतं पण समोर सिस्टर उभ्या राहतात आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकायला सांगतात, त्याने जमतं. पाठीवर ते गार औषध पुसलं, मग छोटी सुई, मुंगी चावल्यासारखी जळजळ, ती जागा बधिर झाली. तेवढ्यात कळ आली. मॅडमनी हात बाजूला घेतला, म्हणाल्या, ताई, जाऊ द्या ही कळ, श्वास घ्या, मी थांबलेय, संपली की सांगा. मोठ्या सुईला दुखलं नाही, नुसतं कोणी अंगठ्याने दाबतंय असं. मागे काय चाललंय ते त्या बोलून दाखवत होत्या, आता सलाइन भरलेली सिरिंज लावलीय, सुई पुढे जाताना ती घट्ट लागते आणि योग्य जागी पोचलं की एकदम सैल सुटते, तीच जागा. मग नळी सरकवताना डाव्या मांडीत वीज गेल्यासारखं झालं, मी ओरडलेच, त्या म्हणाल्या नळी नसेला घासून जाते, क्षणात थांबेल, आणि थांबलं. केसासारखी बारीक नळी, पाठीवरून खांद्यापर्यंत पट्टीने चिकटवलेली.

लगेच पूर्ण डोस देत नाहीत. आधी थोडंसं औषध आणि प्रश्न, कानात गुणगुण होतेय का, जिभेला मुंग्या येतायत का, तोंडात काही वेगळी चव, छातीत धडधड, आता पाय हलवून दाखवा. नळी चुकून रक्तवाहिनीत किंवा मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेली असेल तर ह्यातच कळतं. सगळं ठीक निघाल्यावर खरं औषध, बुपिवाकेन हे बधिर करायचं औषध ०.१ टक्का आणि त्यात थोडं फेंटानिल हे वेदनाशामक, सिझरला हेच बुपिवाकेन ०.५ टक्क्याचं वापरतात म्हणून तिथे पाय पूर्ण बंद होतात आणि इथे होत नाहीत. पहिल्या दोन कळा तशाच, तिसरी अर्धी, आणि पंधरा वीस मिनिटांनी मशीनवर कळेचा डोंगर चढताना दिसत होता आणि मला पोट घट्ट होतंय एवढंच समजत होतं. मी रडले. दुखत नव्हतं म्हणून रडले. नवऱ्याला वाटलं काही झालं.

पण उजवीकडे खाली मांडीच्या जोडाशी एक पट्टा राहिला, तिथे कळ पूर्ण लागत होती. मी सांगितलं. मॅडमनी स्पिरिटचा बोळा घेऊन पोटावर दोन्ही बाजूंना लावून बघितला, इथे गार लागतंय का, इथे, इथे, डावीकडे लागत नव्हतं, उजवीकडे लागत होतं. पट्टी सोडून नळी जराशी बाहेर ओढली, उजव्या कुशीवर झोपवलं आणि अजून थोडा डोस दिला. दहा मिनिटांत तोही पट्टा गेला. ह्यासाठीच मी वर एवढं लिहिलं की माणूस जागेवर हवा. सुई टोचून डॉक्टर दुसऱ्या हॉस्पिटलला गेले असते तर मी रात्रभर अर्ध्या अंगाने कळा काढल्या असत्या आणि नंतर सगळ्यांना सांगत फिरले असते की एपिड्युरल लागतच नाही.

नंतर एकदा बीपी उतरलं, वरचं नव्वदच्या खाली, मला मळमळलं आणि मशीनवर बाळाचे ठोके पण हळू झाले. सिस्टरनी मला डाव्या कुशीवर वळवलं, सलाइन जोरात सोडलं, मॅडम आल्याच होत्या, त्यांनी बीपीचं इंजेक्शन दिलं, दोन तीन मिनिटांत ठोके परत जागेवर. नवरा घाबरला होता, त्याला त्यांनी मशीनवरचा कागद दाखवून समजावलं. सुरुवातीला दर पाच मिनिटांनी बीपी घेत होते, मग हळूहळू अर्ध्या तासाने. खाज सुटली नाकाला, फेंटानिलने सुटते म्हणे, ओल्या रुमालाने भागलं. पाणी आणि बिनदुधाचा गोड चहा घोट घोट चालतो, जेवण नाही. पाय हलवता येत होते पण उठून चालायला देत नाहीत.

मी झोपले. कळांमध्ये झोपले, हे पहिल्या वेळच्या मला कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. पूर्ण उघडल्यावर लगेच जोर लावायला सांगितलं नाही, बाळाला आपोआप खाली येऊ दिलं, मग सिस्टर पोटावर हात ठेवून सांगायच्या, आली कळ, आता खाली, संडासला करतो तसा जोर. खाली दाब चांगलाच जाणवत होता त्यामुळे कुठे जोर लावायचा ते कळत होतं. व्हॅक्युम लागला नाही. मुलगी झाली, तिला लगेच छातीवर ठेवली, आणि टाके घालत होते तेव्हा मी तिच्याशी बोलत होते. पहिल्या वेळचे टाके आणि हे टाके, एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी परत पैसे भरेन.

बाळ जन्मल्यावर त्याची तब्येत कशी आहे ते बघून बाळाचे डॉक्टर एका मिनिटाला आणि पाच मिनिटांना अपगार म्हणून दहापैकी मार्क सांगतात, आठ, नऊ असे. दुसऱ्या दिवशी मॅडम तपासायला आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की तो स्कोअर व्हर्जिनिया अपगार ह्या अमेरिकन बाईंनी काढला, १९५३ ला छापून आला, आणि त्या बाई भूलतज्ज्ञ होत्या. मला हे इतकं आवडलं की मुलगी मोठी झाली की सांगणार आहे. आणि सोसणं हेच आईपण म्हणणाऱ्यांसाठी अजून एक, १८५३ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला होता, डॉक्टर जॉन स्नो यांच्याकडून. म्हणजे दीडशे वर्षांहून जास्त झाली, आणि आपल्याकडे अजून मागताना बाईला ओशाळायला होतं. माझ्या मावससासूबाई म्हणाल्या, आम्ही नाही का काढल्या कळा. काढल्यात, आणि त्यांना पर्याय दिला नव्हता कोणी, ह्याचं मला वाईट वाटतं.

शेजारच्या बेडवरच्या मुलीला एपिड्युरल नको होतं, तिला फिरत राहायचं होतं, कमरेला मालिश, गरम पाण्याची पिशवी, मधून नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजनचा अर्धा अर्धा मिसळलेला गॅस मास्कने, आणि तिचंही छान झालं, कोणी तिच्या मागे लागलं नाही. पलीकडे एकीचं पहाटे बाळाचे ठोके पडले म्हणून सिझर करावं लागलं, तिला नळी आधीच बसवलेली होती, त्याच नळीतून कडक डोस देऊन नेली, पूर्ण झोपवावं लागलं नाही आणि बाळाचं रडणं तिने स्वतः ऐकलं. हे बघितल्यावर नवरा म्हणाला की पैसे वसूल आपले नाही, तिचे झाले.

आता तक्रारी. नाव घालताना एपिड्युरलचे चौदा हजार सांगितले होते, त्यात डॉक्टरांची फी, किट, औषध सगळं धरून. बिलात नाइट चार्जेस म्हणून वेगळे अडीच हजार लावले. कळा काय ऑफिस टाइम बघून येतात का. आम्ही काउंटरवर लेखी कोटेशन दाखवलं तेव्हा काढले, पण ज्यांच्याकडे कागद नसेल त्यांचे जाणार, म्हणून आधीच लिहून घ्या. इन्शुरन्समध्ये आमचं मॅटर्निटीचं लिमिट ठरलेलं, त्यातच हे बसलं, वेगळं मिळालं नाही, आणि पॉलिसीत मॅटर्निटीला वेटिंग पिरियड असतो तो लग्नानंतर लगेच बघून ठेवा.

रात्री भूलतज्ज्ञ एकच असतात. म्हणजे कोणाचं इमर्जन्सी सिझर सुरू असेल तर तुम्हाला थांबावं लागू शकतं, हे त्यांनी मला आठव्या महिन्यातच तोंडावर सांगितलं होतं आणि त्याचं मला कौतुक आहे, पण ट्रस्टने दुसरा माणूस ठेवायला हवा, दोन लेबर रूम भरलेल्या असताना एका जिवावर हे चालणं बरोबर नाही. त्या मॅडम सकाळी आठला घरी जाताना मी बघितल्या, डोळे लाल झालेले. फीडबॅक फॉर्मवर मी बाकी काही न लिहिता एवढंच लिहिलं. जनरल वॉर्डचे दोन पंखे बंद होते, कँटीन रात्री नऊला बंद होतं आणि बाळंतिणीच्या नातेवाइकांना खाली रस्त्यावर जावं लागतं, पावसात. डोकेदुखीबद्दलचं पत्रक इंग्रजीत होतं, आई आणि सासूबाई दोघींना वाचता येत नाही, आणि घरी गेल्यावर काळजी घेणार त्याच.

लेबर रूममध्ये सोबतीला एकाला राहू देतात, नवरा चालतो. सरकारी हॉस्पिटलमध्ये सुद्धा बाळंतपणात जवळचं माणूस असू द्यावं असं केंद्राने २०१६ मध्येच सांगितलंय, त्यामुळे कुठे नाही म्हणाले तर विचारा. आणि पैशांचं अवघड असेल त्यांच्यासाठी महत्त्वाचं, हे धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, हायकोर्टाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा हॉस्पिटलांना दहा टक्के खाटा गरीब रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तळमजल्यावरच्या समाजसेविका बाईंना आधीच भेटायचं, अ‍ॅडमिट झाल्यावर धावपळ करायची नाही. माझ्या समोरच्या बेडवरच्या ताईंना असंच मिळालं, त्या भाजीचा ठेला लावतात, त्यांना ते आमच्या कामवाल्या मावशींनी सांगितलं होतं म्हणे, हॉस्पिटलने कुठे बोर्ड लावलेला मला दिसला नाही, हीसुद्धा तक्रारच आहे.

दुसरीकडे कुठे नाव घालणार असाल तर तिथे एपिड्युरल मिळतं का असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. रात्री आणि रविवारी भूलतज्ज्ञ इमारतीत असतात की घरून येतात, घरून येत असतील तर कुठून, नळी बसवल्यावर थांबतात का, गेल्या महिन्यात रात्री किती जणींना दिलं, हे विचारा. उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला तर पुढचं हॉस्पिटल बघा. इथली भूलतज्ज्ञांची ओपीडी दुपारी असते, आठवा महिना लागला की जा, सोबत प्लेटलेटचा ताजा रिपोर्ट, चालू गोळ्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या आणि पाठीचे जुने एक्स-रे असतील तर ते घ्या, आणि घरात ज्यांना सगळ्यात जास्त भीती वाटतेय त्यांना सोबत न्या, मॅडम त्यांच्याशी पण बोलतात.